गोळ्या घेतानाचा रोजचा व्हिडिओ : भाच्याने होकार द्यावा का?

कान्हकाठ

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझा बावीस वर्षांचा भाचा आमच्याकडे राहून पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. खोकला हटेना, संध्याकाळी अंगात कसर राहू लागली आणि वजन उतरले, म्हणून तपासणी करून घेतली, तेव्हा फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. सीबीनॅट या जनुकीय तपासणीत जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत असे दिसले, त्यामुळे नेहमीचा सहा महिन्यांचा उपचार सुरू झाला आहे. वजन ५१ किलो असल्यामुळे सकाळी चार गोळ्या घ्याव्या लागतात.

अडचण अशी की कंपनीची बस सव्वासहाला निघते आणि आरोग्य केंद्र त्यानंतर बऱ्याच वेळाने उघडते. उपचारावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरने दोन मार्ग सुचवले आहेत. एक तर घरातल्या कोणी समोर बसून गोळ्या द्याव्यात आणि कार्डावर नोंद करावी, किंवा भाच्याने गोळ्या घेताना रोज मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवावा. भाचा व्हिडिओला तयार आहे, कारण त्याला कोणावर अवलंबून राहायचे नाही. माझ्या बहिणीला मात्र ही कल्पना अजिबात रुचलेली नाही. मुलाचा चेहरा आणि आजार दोन्ही कुठल्या तरी यंत्रात साठून राहतील आणि उद्या लग्नाच्या वेळी ते बाहेर येईल, अशी तिची भीती आहे.

वैद्यकीय दृष्टीने ही पद्धत खरोखर भरवशाची आहे का, आणि होकार देण्यापूर्वी आम्ही काय विचारून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

माळवी_माणूस

ताई, भाच्याला लवकर बरे वाटो. व्हिडिओ कॉलवर कोणी समोर बसून पाहणार आहे, की आधी चित्रित करून पाठवायचा आहे? दोन्हींत बराच फरक पडतो.

कान्हकाठ

चित्रित करून पाठवायचा आहे. पहाटे साडेपाचला कॉल घ्यायला तिकडे कोण असणार?

श्वास

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून वैद्यकीय भागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

क्षयरोगाचे जंतू सगळे एकाच वेगाने वाढत नाहीत. बरेचसे पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. मात्र मंदगतीने वाढणारे थोडे जंतू मागे उरलेले असतात आणि पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. औषध सोडून देण्याचा मोह नेमका याच काळात होतो. मध्येच सोडलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या औषधांमुळे आजार उलटू शकतो, आणि आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा एमडीआर क्षयरोग उद्भवण्याचा धोका राहतो. देखरेखीची सगळी कल्पना या भीतीतून आली आहे.

तिचा उगमही आपल्याच देशात आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांची सॅनेटोरियममधील रुग्णांशी तुलना करण्यात आली. घरी राहून, अपुऱ्या जागेत आणि साध्या जेवणावरही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून जगाला कळले. मग प्रश्न उरला तो घरी गेलेला रुग्ण गोळ्या नियमित घेतो की नाही याचा, आणि समोर बसवून औषध देण्याची पद्धत याच केंद्राच्या पुढील कामातून आकाराला आली. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाला जागतिक आणीबाणी ठरवले, आपल्याकडे १९९७ पासून डॉट्सचा, म्हणजे समोर बसवून औषध देण्याच्या कार्यक्रमाचा, विस्तार होत गेला आणि २००६ मध्ये तो सगळ्या देशात पोहोचला. त्या काळी औषध आठवड्यातून तीनदा दिले जात असे, त्यामुळे केंद्रावर येणे निदान शक्य कोटीतले होते. २०१७ पासून आपल्या कार्यक्रमाने रोजच्या गोळ्या स्वीकारल्या. कामधंदा असलेल्या माणसाने सहा महिने रोज केंद्रावर यावे ही अपेक्षा कशी धरणार?

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले की जेथे तंत्रज्ञान उपलब्ध आहे आणि रुग्ण व आरोग्यसेवक दोघांना ते वापरता येते, तेथे समोरासमोरच्या देखरेखीऐवजी व्हिडिओ चालू शकतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानेही २०२३ मध्ये व्हिडिओला प्रत्यक्ष देखरेखीच्या बरोबरीचे मानले. इंग्लंडमध्ये २२६ रुग्णांवर झालेली आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्या निरीक्षणांपैकी निदान ८० टक्के निरीक्षणे पूर्ण झाली, असे रुग्ण व्हिडिओच्या गटात ७० टक्के होते, तर समोरासमोरच्या गटात केवळ ३१ टक्के. त्या रुग्णांमध्ये बेघर आणि व्यसनाशी झगडणारे लोकही होते, म्हणजे सुखवस्तू माणसांनाच हे जमते असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. गोळ्या तळहातावर घेऊन एकेक दिसेल अशा दाखवायच्या, तोंडात टाकायच्या, पाणी प्यायचे आणि शेवटी तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मिनिटभरात हे होते. चांगल्या ॲपमध्ये नेटवर्क नसेल तर व्हिडिओ फोनमध्येच थांबतो आणि नेटवर्क आले की आपोआप पुढे जातो.

स्पष्टवक्ता

डॉक्टरसाहेबांनी इतिहास उत्तम सांगितला, पण मला या सगळ्याच्या पायाशीच आक्षेप आहे. रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि ती चुकली तर माणूस मरू शकतो, तरीही कोणी त्या रुग्णाला जीभ वर करून दाखवायला सांगत नाही. क्षयरोग्यालाच का सांगायचे? तो बहुधा गरीब असतो आणि त्याच्यावर विश्वास न ठेवण्याची आपल्याला सवय लागलेली आहे, म्हणून.

शिवाय समोर बसवून गोळ्या दिल्याने लोक जास्त बरे होतात, हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत अकरा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, आणि देखरेखीखाली औषध घेणारे व स्वतःच्या हाताने घेणारे यांच्या बरे होण्यात ठळक फरक आढळला नाही. डॉक्टरसाहेबांनी दिलेल्या इंग्लंडच्या चाचणीतही मोजली गेली ती निरीक्षणे, बरे झालेली माणसे नव्हेत. ज्याचा मूळ लाभच वादग्रस्त आहे ते काम मोबाईलवर आणून आपण केवळ पाळत स्वस्त करत आहोत, असे माझे मत आहे.

श्वास

@स्पष्टवक्ता, चाचणीबद्दलचा आपला मुद्दा बरोबर आहे आणि तो लक्षात ठेवायलाच हवा. कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्षही आपण नीट मांडला आहे. फक्त रक्तदाबाशी तुलना पूर्ण लागू होत नाही. रक्तदाब हवेतून शेजाऱ्याला लागत नाही, आणि औषधाला न जुमानणारा क्षयरोग लागतो. देखरेखीने नुसते पाहण्यापलीकडे काही केले का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष केंद्रावर काम केलेल्या माणसाने द्यावे.

जुना_डॉट्सवाला

मग मी लिहितो. मी क्षयरोग कार्यक्रमात आरोग्य कार्यकर्ता होतो आणि आता निवृत्त आहे. परदेशीपुरा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत माझी नोकरी गेली. गिरण्या बंद पडल्यानंतरचे दिवस होते आणि एका खोलीत सहा-सात माणसे राहत.

त्या वेळी प्रत्येक रुग्णाच्या नावाची औषधांची पेटी केंद्रावर वेगळी ठेवलेली असे. उपचार पुरा होईपर्यंतच्या सगळ्या गोळ्या त्या पेटीत असत, त्यामुळे आपले औषध संपणार नाही याची रुग्णाला खात्री असे. पण केंद्रावर येताना लोक तोंड लपवून येत. हातगाडी लावणाऱ्याचा सकाळचा धंदा बुडे. विवाहित मुली तर सासरी कळेल म्हणून मध्येच यायच्या बंद होत, आणि मग मी नातेवाईक असल्यासारखा त्यांच्या घरी जाऊन चहा घेऊन येत असे.

आता स्पष्टवक्ता यांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या समोर गोळी गिळली जाई, हे खरे आहे. पण गोळी देताना मी विचारत असे की जेवण जाते का, उलटी झाली का, लघवी केशरी होते ती औषधाने होते हे माहीत आहे ना, डोळे पिवळे दिसतात का, लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येतो का. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींनी यकृताला इजा होऊ शकते आणि इथॅम्ब्युटॉलने दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. एका बाईंच्या डोळ्यांकडे पाहूनच मी गोळ्या थांबवून त्यांना मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलमध्ये पाठवले होते. कावीळ निघाली, औषधे काही काळ बंद ठेवून एकेक करून पुन्हा सुरू केली आणि बाई बऱ्या झाल्या. गोळ्या घेतल्या गेल्या एवढेच मी पाहत बसलो असतो, तर त्यांनी माझ्यासमोर निमूट गिळून प्राण गमावले असते.

म्हणून ताई, आपण सुपरवायझरला पहिला प्रश्न हा विचारावा की व्हिडिओ पाहणारी व्यक्ती कोण आहे, ती भाच्याला ओळखते का, आणि त्याने व्हिडिओत "आज मळमळते आहे" असे सांगितले तर त्याच दिवशी कोणाचा फोन येईल. याचे उत्तर नावानिशी मिळाले तर होकार द्यावा. फक्त संगणकात हिरवी खूण उमटणार असेल, तर घरातली व्यक्ती समोर बसलेली शतपटीने बरी.

दांडियाबाजार_बडोदे

जुना_डॉट्सवाला यांनी लिहिलेले वाचून माझ्या मुलीची आठवण झाली. ती इंग्लंडमध्ये शिकत असताना तिला मानेतील गाठींचा क्षयरोग झाला आणि तेथील परिचारिकेने तिला व्हिडिओचा पर्याय दिला. बडोद्यात आम्ही दोघे पार खचून गेलो होतो. मुलगी रोज वसतिगृहाच्या खोलीत गोळ्या घेऊन व्हिडिओ पाठवत असे आणि ती परिचारिका दुपारपर्यंत एखादी ओळ उत्तरादाखल लिहीत असे. एकदा मुलीने व्हिडिओत अंगावर उठलेले पुरळ दाखवले, तर दुसऱ्याच दिवशी तिला तपासणीला बोलावले गेले.

मुलगी म्हणत असे की परक्या देशात आपण आज ठीक आहोत का, हे रोज पाहणारे कोणी तरी आहे, याचा तिला फार आधार वाटला. तिच्यासाठी ते ओझे नव्हते. अर्थात तिचा फोन तिचा स्वतःचा होता, खोली तिची होती आणि भाषाही तिला येत होती. प्रत्येकाला हे मिळत नाही, याची मला जाणीव आहे.

सोनचाफा

काकूंचे शेवटचे वाक्य मला पुढे न्यायचे आहे. ज्या घरात सुनेच्या हातात स्वतःचा फोन नसतो, तेथे हा व्हिडिओ काढणार कोण? नवऱ्याच्या फोनवरून काढायचा, म्हणजे तो कामावर जाण्याआधी काढायचा, आणि तो नाराज असेल तर त्या दिवशी व्हिडिओ नाही. मग नोंदीत दिसणार की रुग्णाने गोळी चुकवली, आणि दोष तिच्यावर येणार.

याची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला केंद्रावर जायचे म्हणजे गल्लीतल्या चार बायकांच्या नजरेतून जावे लागे. तिच्याकडे फोन होता. दार लावून मिनिटभरात काम झाले असते, तर ती किती तरी अपमानांतून सुटली असती. त्यामुळे मी या पद्धतीच्या विरुद्ध नाही, मात्र फोन कोणाच्या मालकीचा आहे हे विचारल्याशिवाय कोणत्याही स्त्रीला व्हिडिओवर टाकू नये असे मला कळकळीने वाटते.

अलीराजपूर_रस्ता

मी झाबुआ-अलीराजपूर भागात शिक्षक आहे आणि सुट्टीत इंदूरला घरी येतो. इकडचे भिल्ल आणि भिलाला मजूर वर्षातले कित्येक महिने गुजरातेत बांधकामावर जातात. यांच्यापैकी पुष्कळांनी गोधऱ्याकडच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम केले आणि सिलिकोसिस घेऊन परत आले. सिलिकाच्या धुळीने पोळलेल्या फुप्फुसात क्षयरोग फार सहज शिरतो. अशा माणसाचा उपचार गावात सुरू होतो आणि मुकादमाचा निरोप आला की तो बायको-मुलांसह बसमध्ये बसतो. पुढचे सगळे कार्डावर कोरे राहते.

कागदोपत्री पाहिले तर व्हिडिओचा सर्वांत जास्त उपयोग या माणसाला व्हायला हवा, कारण तो कुठेही असला तरी त्याच्या गावचा कार्यकर्ता त्याला पाहू शकतो. प्रत्यक्षात मात्र कुटुंबात एकच फोन असतो, तो बहुधा बटणांचा, आणि स्मार्टफोन असलाच तर महिन्याच्या शेवटी रिचार्ज संपलेला असतो.

बटणांच्या फोनसाठी आपल्या देशात एक सोपी युक्ती निघाली होती, तिची माहिती येथे द्यावीशी वाटते. तिचे नाव ९९डॉट्स. गोळ्यांच्या पट्टीवर कागदाचे वेष्टन असते, गोळी बाहेर काढली की त्यामागे लपलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर नुसता मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत आणि चेहराही दाखवावा लागत नाही. गोळ्यांची एक पेटीही असते, जी उघडली की तिच्यातले यंत्र आपोआप नोंद पाठवते. दोन्हींची मर्यादा उघड आहे. क्रमांक दिसला किंवा पेटी उघडली म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नाही, आणि गोळी घेऊनही फोन करायचा राहून जाऊ शकतो. तरीही बटणांचा फोन असलेल्या माणसासाठी काही तरी मार्ग आहे, हे मला मोलाचे वाटते.

स्पष्टवक्ता

@अलीराजपूर_रस्ता, आपण लिहिलेत ते वाचून माझा आक्षेप अधिकच पक्का झाला. ज्या माणसाला धुळीच्या कारखान्यात साधा मुखपट्टाही कोणी दिला नाही, त्याच्यावर गोळ्यांसाठी मात्र आम्ही लक्ष ठेवणार! तरीही एक गोष्ट मी मान्य करतो. जुना_डॉट्सवाला यांच्यासारखा माणूस दुसऱ्या टोकाला असेल, तर मी त्याला पाळत म्हणणार नाही.

मला एवढेच स्पष्ट हवे आहे की व्हिडिओला नकार दिला म्हणून कोणाची औषधे किंवा पोषणाचे पैसे अडवले जाणार नाहीत ना? निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. गरीब घरासाठी ही मोठी रक्कम आहे, आणि ती हातात धरून होकार मिळवणे सहज शक्य आहे.

श्वास

पोषणाचे पैसे हे क्षयरोगाची नोंद झालेल्या आणि उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी आहेत, व्हिडिओ पाठवणाऱ्यासाठी नाहीत. औषधेही मोफत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही देखरेखीचे अनेक पर्याय मांडले आहेत, आणि रुग्णाला कोणता झेपतो हे पाहूनच निवड व्हावी असा त्याचा आशय आहे. नकार दिल्यावर कोणी अडवणूक केली, तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

लष्करचा_औषधवाला

ग्वाल्हेरहून लिहितो, लष्करमध्ये आमचे औषधांचे दुकान आहे. आतापर्यंतची सगळी चर्चा रुग्णाने गोळी घेतली की नाही यावर झाली. गोळीच मिळाली नाही तर काय? मार्च २०२४ मध्ये देशभर क्षयरोगाच्या सरकारी औषधांचा तुटवडा झाला होता आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांसाठी स्थानिक खरेदी करण्यास कळवले होते. त्या दिवसांत रुग्णांचे नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते आणि आमच्याकडेही एकत्रित मात्रेच्या त्या गोळ्या नव्हत्या. त्या काळात जे रुग्ण व्हिडिओवर होते, त्यांनी कॅमेऱ्याला रिकामा तळहात दाखवायचा होता का?

देखरेख दोन्ही बाजूंनी असावी असे मला वाटते. रुग्णाने आपली गोळी दाखवावी, त्याचप्रमाणे केंद्राने पुढच्या महिन्याचा साठा आहे हे रुग्णाला कळवावे. ताईंनी दोन-तीन दिवस शिल्लक राहिल्यावर धावपळ करण्याऐवजी आठवडाभर आधीच पुढच्या पट्ट्या आणून ठेवाव्यात.

तंत्रसेवक

मी विजयनगरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, म्हणून ताईंच्या बहिणीच्या भीतीबद्दल लिहितो. ती भीती निराधार नाही आणि तिला उत्तर देता येते.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर कार्यकर्त्याच्या खासगी क्रमांकावर पाठवायला सांगितले, तर मी नकार देईन. संदेश वाटेत सुरक्षित असला तरी दोन्ही फोनच्या गॅलरीत त्याची प्रत राहते, गॅलरीची प्रत क्लाउडवर जाते, कार्यकर्त्याचे मूल तो फोन खेळायला घेते आणि कार्यकर्त्याची बदली झाली की ते व्हिडिओ कुठे गेले याचा कोणालाच पत्ता राहत नाही. या कामासाठी केलेल्या ॲपमध्ये व्हिडिओ गॅलरीत साठत नाही, तो कूटबद्ध होऊन थेट सर्व्हरवर जातो आणि पोहोचला की फोनमधून पुसला जातो. आपल्याला सांगितलेले ॲप असे करते का, हे पाहण्यासाठी एक चाचणीचा व्हिडिओ पाठवून लगेच गॅलरी उघडून पाहावी.

यानंतर दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. व्हिडिओ किती दिवसांनी पुसला जाईल आणि तो कोणाकोणाला दिसेल? डोस घेतल्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे समजू शकते, पण चेहऱ्याचा व्हिडिओ पाहून झाल्यावर ठेवण्याचे कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे हे तत्त्व त्यात आहे. संमतीच्या कागदावर ते वाक्य नसेल तर हाताने लिहून सही करावी.

आणखी एक इशारा देतो. व्हिडिओ माणसाने न पाहता संगणकाने तपासण्याचे प्रयत्न सुरू आहेत. रोजच्या शेकडो व्हिडिओंतून संशयास्पद तेवढे वेगळे काढायला त्याची मदत होईल, पण वर काकांनी सांगितलेले पिवळे डोळे यंत्र ओळखेल, या भरवशावर राहू नये.

माळवी_माणूस

तंत्रसेवक, कालचा व्हिडिओ आजच्या तारखेला पाठवला तर?

तंत्रसेवक

ॲपमध्येच चित्रण होत असेल तर जुना व्हिडिओ जोडता येत नाही आणि वेळेचा शिक्का आपोआप बसतो. पण ज्याला फसवायचेच आहे तो समोर बसूनही गोळी गालात ठेवू शकतो. त्याला फसवावेसे का वाटते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. बहुतेक वेळा त्यामागे मळमळ असते, नाही तर कोणी सांगितलेली खोटी भीती असते.

जुना_डॉट्सवाला

हे शंभर टक्के खरे आहे. माझ्या अनुभवात गोळी लपवणाऱ्या बहुतेकांना रिकाम्या पोटी घेतल्यावर उलटी होत असे आणि ते सांगायला ते लाजत. डॉक्टरांना विचारून हलक्या नाश्त्यानंतर गोळ्या द्यायला सुरुवात केली की लपवणे थांबे.

कान्हकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रश्न कागदावर उतरवून मी, बहीण आणि भाचा सुपरवायझरला भेटून आलो, त्याचा वृत्तांत देते.

व्हिडिओ वेगळ्या ॲपवरून जातो, आम्ही चाचणी घेतली आणि गॅलरीत काही दिसले नाही. तो पाहणारी कार्यकर्ती आमच्याच भागातली आहे, तिने भाच्याची भेट घेतली आणि स्वतःचा क्रमांक दिला. त्रास झाल्याचे व्हिडिओत सांगितले तर दुपारपर्यंत फोन येईल, असे तिने कबूल केले. व्हिडिओ किती दिवस साठवले जातात याचे उत्तर सुपरवायझरकडे नव्हते. त्यांनी वरिष्ठांना विचारून लेखी कळवण्याचे मान्य केले आहे, आणि ते पत्र येईपर्यंत व्हिडिओ सुरू करायचा नाही असे बहिणीने ठरवले. भाच्यालाही ते पटले. तोपर्यंत आई, म्हणजे त्याची आजी, समोर बसून गोळ्या देते आणि कार्डावर खूण करते.

आईला चाचणीचा व्हिडिओ इतका आवडला की तिने आपली रक्तदाबाची गोळी हातावर घेऊन "माझीही नोंद करा" म्हणून कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून दाखवले! स्पष्टवक्ता यांना हे वाचून आनंद होईल.

स्पष्टवक्ता

आजींना माझा नमस्कार सांगा. रक्तदाबाच्या रुग्णाने आपण होऊन नोंद मागितली, हे पाहून मला खरोखर आनंद झाला. लेखी पत्र मागण्याचा बहिणीचा निर्णय अगदी योग्य आहे, आणि ते आले नाही तर आठवण करून देत राहावे.

सोनचाफा

भाच्याच्या कंपनीत कळू नये म्हणून काय करणार आहात?

कान्हकाठ

कंपनीला सांगणे बंधनकारक आहे का, हे आम्ही विचारले. डॉक्टरांनी सांगितले की तशी सक्ती नाही, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे संसर्गाची शक्यता असते, म्हणून तेवढे दिवस रजा घेऊन घरीच राहावे. त्याने आजारपणाची रजा टाकली आहे. डॉक्टर आणि काका, एक शेवटची शंका आहे. रजा संपल्यावर त्याला दर पंधरवड्याला रात्रपाळी असेल. त्या आठवड्यात तो सकाळी आठला घरी येऊन झोपतो. तेव्हा गोळ्या कधी द्याव्यात, आणि एखादे दिवशी सकाळी राहूनच गेल्या तर?

श्वास

रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी घ्याव्यात. दोन-तीन तासांच्या फरकाने बिघडत नाही, पण रोजची वेळ शक्यतो तीच राहू द्यावी. सकाळी राहून गेल्या तर त्याच दिवशी आठवण होईल तेव्हा घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या मुळीच घेऊ नयेत, आणि चुकलेला दिवस कार्डावर खराखुरा चुकलेला म्हणूनच लिहावा, कारण शेवटी तेवढे डोस वाढवून उपचार पूर्ण करता येतो. वजन दर महिन्याला करून घ्या. ते ६५ किलोच्या वर गेले तर गोळ्या चाराच्या पाच होतील.

जुना_डॉट्सवाला

पाळीचे वेळापत्रक त्या कार्यकर्तीलाही आधीच द्या, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला व्हिडिओ आला नाही म्हणून ती काळजीत पडणार नाही आणि दिवसा झोपलेल्या मुलाला फोन करून उठवणार नाही.

कान्हकाठ

हो काका, उद्या पट्ट्या आणायला जाताना वेळापत्रकाची प्रत तिला देऊन येते.